काही कमी-जास्त झालं तर… घाईच्या दिवसांत स्वतःला सांभाळून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या आमच्या कॉलनीत संध्याकाळी पाच-सहा जणी ओट्यावर बसतो. श्रावण लागला की गप्पांचा सूर बदलतो. कुणाची झोप झालेली नसते, तर कुणाला सकाळी मुलावर ओरडल्याचं दिवसभर वाईट वाटत असतं. माझ्या सासूबाई पडल्या त्या वर्षी माझी जी तारांबळ झाली ती सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येऊ लागले. तोंडी उत्तरं देऊन झाली, आता लिहून ठेवते. मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. घरात जे करून पाहिलं तेच इथे आहे.

घाईचे दिवस नेमके कोणते धरायचे?

आपल्याकडे त्यांचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलंच असतं. मंगळागौर-सत्यनारायणापासून जे सुरू होतं ते तुळशीच्या लग्नापर्यंत चालतं. गणपती, मध्येच महालक्ष्म्या, अनंत चतुर्दशीची झाक्यांची, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या मिरवणुकीची रात्र (राजवाड्याकडचे रस्ते बंद आणि घरी देवास-उज्जैनचे पाहुणे), लगेच पितृपक्ष, मग नवरात्र, दिवाळी. बँकेत असाल तर या सगळ्याच्या मधोमध ३० सप्टेंबरची सहामाही. दिवाळी सरली की लग्नसराई, बोर्डाची परीक्षा, रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) आणि मार्चअखेर.

हे निदान कॅलेंडरवर दिसतं. दवाखाना, बाळंतपण, घर बदलणं, कुणाचं जाणं हे न सांगता येतं. ठरलेल्यावर न ठरलेलं येऊन पडलं की माणूस मोडतो. म्हणून ठरलेल्या दिवसांत थोडी जागा रिकामी ठेवावी असं मला वाटतं. आपण मात्र ते दिवस आधीच काठोकाठ भरून टाकतो.

स्वतःला सांभाळून घेणं म्हणजे आळसाला सूट देणंच ना?

पाहुणे निघताना आपण दारात काय म्हणतो? "काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या." विहीणबाईंना म्हणतो, व्याह्यांना म्हणतो, केटरिंगवाल्याने पोळ्या कमी पाठवल्या तर त्यालाही आपणच सांभाळून घेतो. तेच वाक्य स्वतःला म्हणायचं, एवढाच याचा अर्थ.

आळशी माणसाला रात्री अकरा वाजता न धुतलेल्या कढईचं ओझं वाटत नाही. हा प्रश्न विचारावासा वाटला, यातच तुम्ही आळशी नसल्याचं दिसतं.

तुम्हाला हे कधी पटलं?

आई श्रावणात न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगी बारावीला होती. घरी सोडताना डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. अशा ऑपरेशननंतर पेशंट पडून असतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून ही गोळी. मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी वारांचे खण असलेली प्लास्टिकची डबी आणली आणि आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवल्या.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी, पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील, फुलोरा असा सगळा थाट. मी साडेतीनला उठले. सोळावी भाजी मिळेना म्हणून दीर दोनदा मंडीत जाऊन आले. फोन येत होते, "यंदा आई नाहीत, जमेल ना गं सगळं?" मी म्हणत होते, "जमेल." आणि जमलंही. नैवेद्याचं पान पाहून सगळ्यांनी नावाजलं.

रात्री पाहुणे गेल्यावर आईंच्या उशाशी पाणी ठेवायला गेले आणि डबी दिसली. 'मंगल' आणि 'बुध' हे दोन्ही खण भरलेले. दोन दिवसांच्या चारही गोळ्या तशाच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदम दुप्पट देऊ नका, आत्ताची द्या, पोटऱ्यांवर सूज येते का बघा. रात्रभर मी तासातासाने मोबाइलच्या उजेडात त्यांच्या पोटऱ्या बघत बसले. बाहेरच्या खोलीत महालक्ष्म्यांसमोरची समई तेवत होती.

काही झालं नाही. पण त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. दिवसभरात सोळाव्या भाजीबद्दल मला निदान सात-आठ जणांनी विचारलं होतं. गोळीबद्दल कुणीही विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही.

मग आधी काय, नंतर काय, हे ठरवायचं कसं?

आपल्या नळावरून मी हे शिकले. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. नळाच्या दिवशी कुणीतरी घरी थांबतंच, त्यासाठी कुणाला समजवावं लागत नाही. नळ थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बाकीचा दिवस त्याच्या अवतीभवती बसवला जातो.

तसं मी एक कोरा कागद घेते. त्यावर आधी फक्त न थांबणारी कामं लिहायची: औषधाच्या वेळा, फिजिओथेरपी, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, विम्याचा हप्ता, विजेचं बिल. मग उरलेल्या प्रत्येक कामाला विचारायचं, हे उद्यावर गेलं तर काय बिघडेल, आणि कुणाचं बिघडेल? मुलाचं, पेशंटचं, पैशाचं किंवा माझ्या अंगाचं बिघडणार असेल, तर ते पुढच्या बाजूला राहतं. उत्तर 'लोक काय म्हणतील' असं आलं, की ते काम कागदाच्या पाठीवर जातं. पाठीवरचं रद्द झालेलं नसतं. वेळ उरला तर करायचं.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा पडद्यांची धुलाई, फराळाचे डबे, तीन ठिकाणची हळदीकुंकवं, माळ्यावरची पितळी भांडी घासणं, सगळं पाठीवर गेलं. पुढच्या बाजूला नऊ कामं उरली. कितीतरी वेळ मी त्या नऊ ओळींकडेच बघत राहिले. मला वाटत होतं चाळीस तरी कामं असतील.

एक पथ्य पाळा. 'झोप' पुढच्या बाजूला लिहा, वेळेसकट. ती लिहिली नाही तर बाकी सगळं तिच्यातूनच कापलं जातं.

देवाचं कमी केलं तर चालतं का? कोप होईल अशी भीती वाटते.

ही भीती खोटी नाही, तिची थट्टा मी करणार नाही. माझ्याही पोटात गोळा आला होता. पण आपल्या शास्त्राने आणि रूढीने आधीच किती जागा सोडून ठेवली आहे ते पाहा.

पूजा सोळा उपचारांची असते, तशी पाचांचीही असते. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढ्यात पंचोपचार पूजा पूर्ण होते. गणपती दहा दिवसांचा, तसा दीड दिवसाचाही असतो, आणि दीड दिवसाचा म्हणून कुणी त्याला अर्धा म्हणत नाही. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा नीट ऐका. त्यात 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः' असं येतं, म्हणजे जेवढं ज्ञान आहे तेवढ्याने आणि जे साहित्य मिळालं तेवढ्याने. पितृपक्षात तिथी साधली नाही तर सर्वपित्री अमावास्या आहे. स्वयंपाक करून श्राद्ध शक्य नसेल तर शिधा देऊन करण्याची आमान्नाची सोय आहे. आणि पूजेच्या शेवटी आपण सगळेच म्हणतो:

आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम् ।
पूजां चैव न जानामि क्षम्यतां परमेश्वर ॥

बोलावणं कळत नाही, अर्चन कळत नाही, पूजाही कळत नाही, क्षमा कर. काहीतरी राहणारच हे धरून पूजेतच क्षमेची जागा ठेवलेली आहे. एवढी वर्षं मी हे पाठ म्हणत होते आणि लगेच उठून स्वयंपाकघरात स्वतःवर चिडत होते.

सुतकाचाही विचार करा. घरात कुणी गेलं की सण थांबतो, आणि नावं कुणीच ठेवत नाही. दुःखाला थांबायची परवानगी आहे. थकव्याला आणि आजारपणाला तशी परवानगी कुणी देत नाही, ती आपण आपली घ्यावी लागते. तरीही मन मानत नसेल तर आपल्या गुरुजींना सरळ विचारा. आमचे गुरुजी म्हणाले, "वहिनी, आधी पेशंटचं बघा, देव घरातच आहे."

घरातल्या मोठ्यांना हे सांगायचं कसं? दुखावतात.

ऐन सणाच्या दिवशी सांगू नका. महिनाभर आधी, त्या निवांत असताना सांगा. आणि "मला जमणार नाही" एवढ्यावर न थांबता "हे ठेवूया, एवढं कमी करूया, चालेल का?" असं विचारा. विचारलं की मान राहतो.

पुढच्या वर्षी मी आईंजवळ बसले. दोन दिवस वाक्य जुळवत होते. म्हटलं, "आई, यंदा सोळा भाज्या वेगवेगळ्या नको करायला. काय करूया?"

त्या पटकन म्हणाल्या, "सोळा मिळून एकच भाजी कर की. माझी आजी तसंच करायची. प्रत्येकीतलं मूठमूठ घ्यायचं."

"मग तुम्ही वेगवेगळ्या का करायचात?"

"माझ्या सासूबाई करायच्या म्हणून."

मग दोघीही थोडा वेळ गप्प बसलो. पस्तीसेक वर्षं त्यांनी एकट्याने सोळा भाज्या केल्या, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यांच्या घरी एवढं सोपं जात नाही, हे मला माहीत आहे. काही घरांत अबोला होतो. तिथे एका वर्षी एकच गोष्ट कमी करा.

अहिल्याबाईंनी एवढं राज्य सांभाळलं आणि आपल्याला घर सांभाळता येऊ नये? असं ऐकवतात.

इंदुरात हे वाक्य ऐकलं नाही अशी सून विरळा. मातोश्रींबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच त्यांचा कारभार नीट पाहावा असं वाटतं. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. अशा अवस्थेत १७६७ मध्ये त्यांनी राज्य हाती घेतलं. त्यांनी सगळं एकटीने केलं का? नाही. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे दिली आणि स्वतः महेश्वरला राहून मुलकी कारभार पाहिला. कामाची वाटणी करून त्यांनी १७९५ पर्यंत राज्य चालवलं.

पुढच्या वेळी कुणी ऐकवलं तर हळूच विचारा, "आमच्या घरचे तुकोजीराव कोण?"

नवरा म्हणतो, "तू सांग, मी करतो." तरी दमायला होतं. का?

कारण लक्षात ठेवणं हेही एक काम आहे आणि ते तुमच्याकडेच राहतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, ही कामं करणाऱ्या पुरुषांचा ८८. आणि 'आईची गोळी संपत आली' हे रात्री बारा वाजता आठवणं कुठल्या मिनिटांत धरायचं?

आमच्याकडे मदत मागणं बंद केलं आणि कामंच सोपवली. औषधं पूर्णपणे ह्यांच्याकडे: आणणं, डबी भरणं, देणं, संपायच्या आत पुन्हा आणणं, डॉक्टरांची तारीख घेणं. मी आठवण करायची नाही, हे माझ्यासाठी फार अवघड गेलं. पहिल्या महिन्यात दोनदा जीभ चावली. कचरागाडी मुलाकडे दिली, ओला-सुका वेगळा करण्यासकट. एकदा गाडी निघून गेली आणि ओला कचरा दिवसभर घरात राहिला, वास आला. दुसऱ्या दिवशी गाडीचं गाणं गल्लीत शिरायच्या आत तो फाटकात उभा होता.

सोपवलेलं काम त्यांच्या पद्धतीने होईल. पोळ्या जाड होतील, चादरीची घडी वाकडी असेल. तिथे बोट दाखवलंत तर काम परत तुमच्या अंगावर येईल.

विकतचं आणलं तर?

आणा. शेव-फरसाणासाठी देशभर नावाजलेल्या गावात राहून चिवड्यासाठी रात्र जागवायची कशाला? एखादा पदार्थ जिवाभावाचा असेल तर तेवढा घरी करा. आमच्याकडे फक्त अनारसे घरी होतात, कारण मुलीला माझ्याबरोबर ते करायला आवडतात. सकाळी पाहुणे आले तर कोपऱ्यावरून पोहे-जिलबी. आजवर एकही पाहुणा रागावून गेलेला नाही.

नोकरीच्या ठिकाणी काय करावं?

साहेबांना आधी सांगा, कामं अडल्यावर नको. "घरी अडचण आहे" एवढंच सांगितलं तर कुणाला काही करता येत नाही. "पुढचे सहा आठवडे मी साडेपाचला निघेन, सहामाहीचं अमुक काम मी करते, तमुक दुसऱ्याला द्या" असं ठोस सांगितलं तर वाटाघाट होते. मी हे उशिरा केलं. त्याआधी दोन आठवडे एकाही आकड्यावर माझं मन नव्हतं.

रजेचे नियमही वाचून ठेवा. केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळू शकते, मोठ्या दोन अपत्यांसाठी, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. आजारपण आणि परीक्षा हीदेखील त्यासाठी कारणं धरली जातात. इतर नोकऱ्यांचे नियम वेगळे, पण असतात. आपणच विचारत नाही.

नाही म्हणताना जीभ रेटत नाही. सोपं वाक्य सांगा.

"यंदा नाही जमणार, पुढच्या वेळी नक्की विचारा." मग थांबा, कारणांची यादी देऊ नका. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो.

हे सगळं बायकांनाच लागू आहे का?

अजिबात नाही. आमच्या गल्लीत एक गृहस्थ अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं एकटे करतात. डायपर, जेवण भरवणं, रात्रीची जाग. बाईचं दमणं निदान ओट्यावर बोललं जातं. त्यांना कुणी विचारतही नाही, उलट "केवढा सेवाभावी मुलगा" असं म्हणून पुढे जातात. अशा माणसाचं कौतुक करण्यापेक्षा रविवारी दोन तास त्याच्या वडिलांजवळ बसा.

काय सोडायचं ते कळलं. काय सोडू नये?

जे गेलं तर सण सणासारखा वाटणार नाही, ते. आमच्या इंदूरची कापडगिरणी, हुकुमचंद मिल, १९९१ मध्ये बंद पडली. गिरण्यांचे भोंगे थांबले, कामगारांनी थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. तरी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या निघत राहिल्या. परवडण्याचा हिशेब केला असता तर झाकी आधी गेली असती. त्यांनी तीच धरून ठेवली.

आमच्या घरची झाकी म्हणजे संध्याकाळची आरती, सगळ्यांनी एकत्र म्हटलेली. त्यासाठी मी बाकी बरंच सोडलं. तुमच्या घरची कोणती, हे मुलांना विचारा. माझ्या मुलांना सोळा भाज्यांतली एकही आठवत नव्हती.

रात्री पडल्यावर राहिलेली कामं डोळ्यांसमोर नाचतात.

उशाशी कागद-पेन्सिल ठेवा आणि आठवेल ते लिहून टाका. मोबाइलवर नको, तिथे गेलं की अर्धा तास जातो. लिहून झालं की मी मनातल्या मनात 'क्षम्यतां परमेश्वर' म्हणते आणि दिवा मालवते.

हा नुसता थकवा आहे की आणखी काही, हे कसं ओळखावं?

दोन दिवस झोप मिळाल्यावर थकवा उतरायला हवा. दोन आठवडे होऊनही उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, झोप किंवा भूक बिघडलीय, सारखं रडू येतंय, असं असेल तर डॉक्टरकडे जा. कधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांत कारण सापडतं, कधी मनाच्या आजारात. दोन्हींवर उपचार आहेत. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि आपल्या भाषेत बोलता येतं. 'आपण नसलेलंच बरं' असा विचार एकदा जरी मनात आला, तरी त्याच दिवशी फोन करा आणि घरात एकाला सांगा. हा मुद्दा कागदाच्या पुढच्या बाजूला, सगळ्यात वर.

एकदा कमी केलेलं पुन्हा सुरू करायचं का?

मन आणि अंग तयार असेल तर जरूर. दोन वर्षांनी मी हळदीकुंकू पुन्हा सुरू केलं, कारण मला त्याची खरंच आठवण येत होती. पितळी भांड्यांची आली नाही. ती माळ्यावरच आहेत.

आता तुमच्याकडे महालक्ष्म्या कशा असतात?

सोळा मिळून एक भाजी. आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरात येतात, खुर्चीवर बसून शेंगा निवडतात, आणि मीठ बरोबर आहे का ते अजून त्याच सांगतात. पुरणपोळ्या पहिल्या अकरा घरच्या, बाकीच्या ऑर्डर देऊन. कोशिंबिरी दोन.

गोळ्यांची डबी तीच आहे, आता त्यात रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी असते. त्या तीन दिवसांत ती आईंच्या उशाशी नसते, महालक्ष्म्यांसमोरच्या पाटावर फुलोऱ्याशेजारी असते. संध्याकाळी सगळे आरतीला जमतात, टाळ वाजू लागतात, आणि मुलांपैकी कुणीतरी ओरडतं, "आजीची गोळी!" मग आईंनी पाण्याचा घोट घेईपर्यंत आरती थांबते.